नथीतला हिरवा खडा

वऱ्हाडात सोन्याविषयी चार शब्द बोलता येत नाहीत असा माणूस विरळा. कापसाचा पैसा हाती आला की त्यातला काही सराफ्याकडे जाणार, आणि वर्ष वाईट गेले की तेच सोने पुन्हा सराफ्याच्या काट्यावर येणार, हा इकडचा जुना शिरस्ता. त्यामुळे बावीस कॅरेटचे की अठराचे, घट किती, मजुरी किती, हे ओसरीवर बसलेल्या म्हातारीलाही समजते. पण त्याच दागिन्यातल्या खड्याविषयी विचारून पाहा. "खडा आहे, हिरवा" यापलीकडे उत्तर मिळत नाही. माझेही ज्ञान गेल्या वर्षापर्यंत तेवढेच होते. ते वाढवण्याची वेळ आली ती माझ्या हातून झालेल्या एका नुकसानीमुळे, म्हणून प्रथम ती हकिकत सांगते.

माझ्या आजीचे लग्न १९५९ साली अकोल्यास झाले. त्या लग्नातली तिची नथ. सात मोती, एक लाल खडा आणि मध्ये एक हिरवा. लाल खडा मागेच कधीतरी पडला व त्याच्या जागी काच आली, हे घरात सर्वांना ठाऊक होते. हिरवा मात्र मूळचा, असे आजी म्हणे. मावसबहिणीच्या लग्नात मी ती नथ घातली आणि काढताना नाकात अडकवायची तार हिरव्या खड्याच्या घराजवळ तुटली. आजीला न सांगता मी ती एका दुकानात दुरुस्तीला टाकली. दुकानाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे कोणत्याही दुकानात घडू शकले असते. तिसऱ्या दिवशी नथ मिळाली. तार जोडलेली, मोती पुन्हा ओवलेले, सोने झळझळीत. हिरव्या खड्याच्या जागी मात्र पांढुरका, आतून तडकलेला, बर्फाच्या चुऱ्यासारखा काहीतरी ऐवज. "काचच होती ताई, वीस रुपयांत दुसरी बसवून देतो," असे मला सांगण्यात आले. मी नको म्हटले. यात माझी काही हुशारी नव्हती. आजीला काय सांगावे हे सुचेना, म्हणून नको म्हटले इतकेच.

ती नथ कागदात गुंडाळून मी अमरावतीस आणली व वर्गातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने एका वृद्ध सोनाराकडे गेले. त्यांचे दुकान असे नाहीच. घराच्या पुढल्या खोलीत बागेसरी, ऐरण, फुंकणी, कानशी आणि टाकणखाराची वाटी. त्यांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि मग जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत देते: "काच असती तं कडा लोंबल्या असत्या. याच्या कडा पाह्य, जशाच्या तशा आहेत. मोती काढले त्यानं, कारण मोती जळते हे त्याले माहीत होतं. खडा नाही काढला, कारण खडा त्याच्या हिशेबात दगड. सोन्याले आग पचते पोरी, याले नाही पचत."

खडा आगीत पांढरा का पडला, या एका प्रश्नापासून माझा अभ्यास सुरू झाला. ग्रंथालयातली पुस्तके, भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आणि हे सोनारबाबा असे माझे तीन गुरू. त्यांच्याकडून कळले ते येथे मांडते.

पाचू म्हणजे बेरिल नावाच्या खनिजाची हिरवी जात. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे हे सहाकोनी स्फटिक मुळात रंगहीन असतात. त्यांत क्रोमियम किंवा व्हॅनेडियम यांचा अगदी अल्प अंश शिरला की हिरवा रंग येतो. फ्रेंच रसायनज्ञ व्होकलँ याला १७९८ साली बेरिल व पाचू यांच्याच पृथक्करणात बेरिलियम हे नवे मूलद्रव्य आढळले. पाचूचा रंग क्रोमियममुळे आहे हेही त्यानेच दाखवले, आणि ते क्रोमियमही आदल्याच वर्षी त्यानेच शोधलेले होते. आता गंमत अशी की बेरिलियम आणि क्रोमियम निसर्गात सहसा एकत्र नांदत नाहीत. एक ग्रॅनाइटच्या घरचे, दुसरे अगदी वेगळ्या, लोह-मॅग्नेशियमने जड झालेल्या खडकांच्या घरचे. पृथ्वीच्या पोटातल्या उलथापालथीत ही दोन कुळे एकमेकांना भिडतात तेथेच बहुधा पाचू जन्मतो, आणि अशा धामधुमीत वाढलेला स्फटिक निर्दोष निघणे कठीण. त्याच्या अंगात भेगा राहतात, द्रवाचे थेंब अडकतात, अभ्रकाच्या पापुद्र्या सापडतात. हिऱ्यात डाग म्हणजे दोष. पाचूत डाग हा जवळजवळ जन्मखूण असतो. युरोपातले जवाहिरे त्या आतल्या गुंत्याला 'बाग' म्हणतात, असे वाचले आणि मला ते आवडले.

आता आगीकडे येऊ. पाचूची कठिणता साडेसात ते आठ, म्हणजे गारगोटीपेक्षा अधिक. त्यामुळे तो सहजी झिजत नाही. पण कठीण असणे निराळे आणि चिवट असणे निराळे. पाटावरवंट्याचा दगड आणि चिनी मातीची बशी यांतला फरक गृहिणीला सांगावा लागत नाही. पाचू बशीच्या जातीचा आहे. झाळणाच्या वेळी सोन्याचा सांधा सातआठशे अंशांपर्यंत तापतो. त्या उष्णतेत खड्यात कोंडलेले द्रवाचे थेंब फुगतात आणि भेगा उसवतात. मग तापलेला डाग तसाच पाण्यात किंवा तेजाबात बुडवला की उरलेले काम पुरे होते.

पण पांढरेपणाचे मुख्य कारण वेगळेच निघाले. ते म्हणजे तेल! पाचूच्या भेगांत तेल जिरवण्याची चाल फार जुनी आहे. भज्यांची पुडी सोडल्यावर तिचा कागद जेथे तेलकट झाला असेल तेथून पलीकडचे दिसते आणि कोरडा भाग पांढरा व अपारदर्शक राहतो, हे सर्वांनी पाहिले आहे. भेगेचेही तसेच. भेगेत हवा असली तर प्रकाश तेथे अडखळून परततो व ती पांढरी चमकते. हवेच्या जागी तेल गेले की प्रकाश सुरळीत पार होतो आणि भेग जणू पुसली जाते. पाचूला देवदारवर्गीय झाडाचे तेल यासाठी पूर्वापार वापरतात, कारण प्रकाश वाकवण्याचा त्याचा गुण पाचूच्या जवळपास येतो. अलीकडे कृत्रिम राळाही वापरतात. जयपूरच्या बाजारात 'जोबन' नावाचे हिरवा रंग घातलेले तेल चालते. बिनरंगी तेल हा व्यापारातला मान्य संस्कार समजला जातो. रंगीत तेल ही फसवणूक, कारण त्यात फिक्या खड्याला उसना रंग येतो. आजीच्या खड्यातले तेल आगीत जळून गेले, भेगा उघड्या पडल्या, आणि ज्या गोष्टीने तो खरा ठरायचा तिच्यामुळेच तो काच ठरला.

प्राध्यापकांनी खड्याच्या तीन कसोट्या घेतल्या. पहिली सूक्ष्मदर्शकाखाली. काचेत दिसतात तसे गोल बुडबुडे नव्हते. भेगा होत्या आणि तपकिरी अभ्रकाच्या बारीक पापुद्र्या होत्या. दुसरी, बोटभर लांबीच्या एका नळीतून. तिच्यातून पाहिले की एकाच खड्याच्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी दिसतात. पाचूच्या या दोन प्रतिमांचे हिरवे रंग वेगळे असतात, एक निळसर तर दुसरा पिवळसर. काचेच्या दोन्ही सारख्याच. आपला खडा दोन रंगांत दिसला तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच. तिसरी कसोटी प्रकाश किती वाकतो याची. तीही पाचूच्या बाजूने लागली. अभ्रकावरून त्यांनी असाही तर्क केला की हा खडा अजमेर-उदेपूरकडचा असावा. राजस्थानातल्या त्या पट्ट्यात १९४३ पासून पाचूचे खाणकाम सुरू झाले. तेथील पाचू अभ्रकाच्या खडकातच वाढतो, आणि आजीच्या लग्नाच्या काळाशी ते जुळतेही.

वऱ्हाडच्या मातीत पाचू सापडण्याची आशा मात्र कोणी करू नये. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा लाव्ह्याचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या थरांच्या पोकळ्यांतून अकीक, गारगोटी व झिओलाइटचे सुंदर स्फटिक निघतात, पण पाचूला लागणारे बेरिलियम तेथे जमा होत नाही. म्हणजे आपल्याकडचा प्रत्येक पाचू पाहुणा. जुन्या पुराणकथेत तर तो बल नावाच्या असुराच्या पित्तापासून झाला व गरुडाच्या झडपेत पृथ्वीवर पडला, म्हणून त्याला 'गारुत्मत' म्हणतात. संस्कृत रत्नपरीक्षांत त्याच्या हिरवेपणाला पोपटाच्या पंखाच्या, शेवाळाच्या, कोवळ्या गवताच्या उपमा आहेत. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत रत्नांच्या प्रकरणांत त्याची दखल घेतली आहे. मराठीत आपण त्याला पाचू म्हणतो. हिंदी मुलखातून आलेला 'पन्ना' आता पाचूला दुकानातून हुसकावत आहे, याचे मला थोडे वाईट वाटते.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी दक्षिण अमेरिकेत आज ज्याला कोलंबिया म्हणतात त्या देशातल्या खाणी हस्तगत केल्या आणि तेथला पाचू समुद्रमार्गे पूर्वेकडे येऊ लागला. गोवा हे त्या व्यापाराचे मोठे ठाणे होते. आपल्याकडे मात्र उत्तम पाचू 'पूर्वेकडच्या जुन्या खाणीतला' अशी समजूत रूढ झाली. फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये याने सतराव्या शतकातच ती चुकीची असल्याचे लिहून ठेवले, पण बाजाराने ऐकले नाही. अखेर २००० साली काही शास्त्रज्ञांनी पाचूतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून जुन्या खड्यांची जन्मस्थाने तपासली. त्यांत हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातले 'जुन्या खाणीचे' म्हणवणारे चार खडे होते. तीन कोलंबियाचे निघाले, एक अफगाणिस्तानचा. आपल्या वाचकांना या गोष्टीत जवळीक वाटावी असे एक कारण आहे. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या ताब्यात होता आणि इंग्रजांकडे कारभार गेल्यावरही नावाने त्याचाच होता. ते मोठमोठे पाचू ज्या खजिन्यात जमले त्यात वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा महसूलही पडत होता. भारत सरकारने निजामाचे जवाहीर १९९५ साली विकत घेतले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्याची प्रदर्शनेही झाली. असो. राजेरजवाड्यांच्या पाचूंवर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझा विषय तांदळाच्या दाण्याएवढ्या पाचूचा आहे.

आजीचा खडा तीन मिलिमीटरचा, चौकोनी, कोपरे छाटलेला. वजन पंचवीस मिलिग्रॅम. सोनाराच्या मापात गुंजेचा पाचवा हिस्सा. या मापांचा घोळ माहीत असणे उपयोगाचे आहे. सोनाराची गुंज म्हणजेच रत्ती, सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची. अशा ९६ गुंजांचा तोळा. खड्यांच्या बाजारातली रत्ती मात्र सुमारे १८२ मिलिग्रॅमची, म्हणजे दीडपट. आणि कॅरेट २०० मिलिग्रॅमचा. भाव 'रत्तीला इतके' असा सांगितला तर कोणती रत्ती हे विचारलेच पाहिजे. तीन कॅरेटचा खडा बाजाराच्या रत्तीने ३.३ भरतो आणि सोनाराच्या रत्तीने ४.९. दर तोच राहिला तर बिल दीडपट होते आणि लबाडी कोणी केली असे म्हणताही येत नाही. त्यातच सोन्याचा कॅरेट हा शुद्धतेचा आणि खड्याचा कॅरेट हा वजनाचा, पण शब्द एकच! मी स्वतः बारावीपर्यंत दोन्ही एकच समजत होते.

पैलू हा शब्द आपण वर्गात कवितेसाठी व स्वभावचित्रणासाठी फार सैल हाताने वापरतो. खऱ्या पैलूचे काम पाहिले तर हात आखडेल. फिरत्या चाकावर धारदार चूर्ण लावून, दांडीच्या टोकाला लाखेने चिकटवलेला तीन मिलिमीटरचा कण ठरावीक कोनात टेकवायचा, उचलायचा, फिरवायचा, पुन्हा टेकवायचा. भारतात हे काम मुख्यतः जयपुरात चालते. झांबिया व ब्राझीलचा कच्चा माल तेथे येतो आणि त्यातले मोठे तुकडे वेगळे काढल्यावर उरलेल्या बारीक कणांचे हे लहान खडे होतात. गोल पैलूचा दोन मिलिमीटरचा खडा घेतला तर कॅरेटात तीसेक बसतात. चौकोनाचे कोपरे छाटण्याची जी तऱ्हा जगभर पाचूच्याच नावाने ओळखली जाते, ती शोभेसाठी नाही. टोकदार कोपरा आधी उडतो, म्हणून कारागिराने तो स्वतःच काढून टाकला. पैलू पाडताना लहान खड्याला एक फायदाही मिळतो. कच्च्या तुकड्यातला भेगाळलेला भाग टाकून मधला स्वच्छ कण घेता येतो. त्यामुळे मोठ्या पाचूपेक्षा लहान पाचू पुष्कळदा अधिक नितळ सापडतो. फक्त त्याचा रंग मुळातच गडद हवा. फिका रंग लहान आकारात आणखी फिका दिसतो.

आता घडवणाऱ्याच्या कामाकडे येते, कारण मला स्वतःला सर्वांत नवल तेथे वाटले. सोनारबाबांनी प्रथम खड्याच्या घराची कड अलगद उचलून खडा बाहेर काढला. रिकाम्या घरासकट नथ आगीवर धरून, आधीचा ओबडधोबड सांधा सोडवून, तार नीट झाळली. मग नथ धुतली, घासली, वाळवली. तोवर खडा एका वाटीत कोमट तेलात पडून होता. तो तसा आठ दिवस होता. मी दर दोन दिवसांनी जाऊन पाहत असे. पहिल्या खेपेस काहीच फरक नव्हता. दुसऱ्या खेपेस एका कडेने हिरवे दिसू लागले. आठव्या दिवशी तो पुसून कागदावर ठेवला तेव्हा मधली एक भेग तेवढी पांढरी राहिली होती, बाकीचा खडा परतला होता. एका कोपऱ्याचा टवका उडालेला होता. तो मी दुकानाच्या खात्यावर लिहिला. सोनारबाबा भिंगातून पाहून म्हणाले, "हा जुना आहे. याच्यात मळ बसला आहे." मी त्या बोलण्याकडे लक्ष दिले नाही.

मग त्यांनी खडा बसवला, आणि तो बसवताना आग पेटवलीच नाही. शुद्ध चोवीस कॅरेट सोन्याची कागदासारखी पातळ पट्टी घेऊन तिच्या बारीक चिंध्या खडा आणि घराची भिंत यांच्यामध्ये पोलादी सळईने दाबत नेल्या. सोने शुद्ध असले की दाबाखाली सोन्याला सोने थंडपणीच चिकटते, त्याला झाळण लागत नाही. बावीस कॅरेटचे सोने असे वागत नाही, कारण त्यातले तांबे त्याला ताठर करते. याच कामाला उत्तरेत 'कुंदन' म्हणतात आणि आपला 'कोंदण' हा शब्द त्याचाच भाऊ. कोंदणात हिरा शोभतो असे आपण म्हणतो, पण कोंदणाची खरी गरज पाचूला आहे. जुन्या कामात खड्याच्या पाठीशी चकचकीत पातळ पत्रा, म्हणजे डांक, ठेवून खालचे घर लाखेने भरत. तसा खडा पाठीमागून बंद असल्यामुळे सुरक्षित राहतो आणि डांकेमुळे उजळतो. खोट इतकीच की बंद घरात खालचे काही दिसत नाही. फिका खडा हिरव्या डांकेवर बसवून गडद म्हणून खपवता येतो. म्हणून सोनारबाबांनी नथीची पाठ पूर्वीसारखी उघडीच ठेवली. "लपवायचं काय आहे?" असे ते म्हणाले.

ही विद्या मागे का पडली, असे मी विचारले. त्यांनी सुवर्ण नियंत्रणाची गोष्ट सांगितली. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यावर बंदी आली. तीन वर्षांनी, १९६६ साली, ही अट उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदी व तपासण्या चालूच राहिल्या आणि तो कायदा १९९० साली रद्द झाला. त्या काळात देशभर हजारो सोनारांचे हात रिकामे झाले. चौदा कॅरेटच्या सोन्यात कोंदण होत नाही, हे तर नुकतेच पाहिले. सोनारबाबांचे वडील त्या वर्षांत घड्याळे दुरुस्त करू लागले आणि बाबा शाळा सोडून जिनिंगमध्ये लागले. हातकाम मागे पडण्याला यंत्रे, साचे, स्वस्त माल अशी इतर कारणेही आहेत, आणि सारा दोष एका कायद्यावर टाकणे योग्य होणार नाही. तरी बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या तीन वर्षे थांबली तर ती पुन्हा तेथूनच सुरू होत नाही, असे मला वाटते.

खड्याच्या नशिबी मात्र सर्वच काळात उपेक्षा आली आहे. घेताना सोन्यात धरून किंवा वेगळा लावून त्याचे पैसे घेतले जातात. मोडताना काटा मांडला की पहिले वाक्य ठरलेले: "खडा वजा." मग खडा चिमट्याने उचकटून कागदाच्या पुडीत ग्राहकाच्या हातावर ठेवतात, किंवा ठेवतही नाहीत. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात ज्या घरांनी नथा व कुड्या मोडल्या त्यांतले किती पाचू असे पुडीतून कोठे गेले, याची नोंद कोठेही नसणार. सराफाची बाजूही सांगितली पाहिजे. तीन मिलिमीटरच्या जुन्या खड्याला पुन्हा गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नाही, त्याची तपासणी करवायची तर तिचा खर्च खड्याच्या किमतीवर जातो. त्याचा काटा खोटा नाही. पण व्यवहारात ज्याची किंमत शून्य धरली जाते त्याची काळजीही शून्य होते, आणि आगीपुढे मोती काढून खडा तसाच ठेवणारा कारागीर याच हिशेबातून तयार होतो. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, ही चांगलीच गोष्ट. पण तो शिक्का सोन्याचा कस सांगतो, खड्याविषयी अवाक्षर काढत नाही. कुंदन व जडावाचे दागिने तर त्या सक्तीतून वगळलेलेच आहेत.

घरी जुने दागिने असतील त्यांच्यासाठी दोन शब्द. हिरवा खडा दहापट भिंगातून, शक्य तर पाठीकडून पाहावा. अगदी नितळ, एकसारखा हिरवा आणि आत गोल बुडबुडे असतील तर ती काच. कडा झिजून गोलसर झाल्या असतील तरी काचेचाच संशय घ्यावा. दोन थर चिकटवून केलेला बनावट खडा पाण्यात बुडवून आडवा पाहिला की थर वेगळे दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेला पाचू मात्र घरी ओळखू येत नाही. अमेरिकेत कॅरोल चॅथम याने १९३० च्या दशकात तो तयार केला. तो रासायनिकदृष्ट्या पाचूच असल्यामुळे त्याचे काम तज्ज्ञावरच सोपवावे. आत भेगा दिसल्या म्हणून तोंड वाकडे करू नये. दागिना गरम पाण्यात, सोड्यात किंवा दुकानातल्या कंप पावणाऱ्या धुण्याच्या यंत्रात टाकू देऊ नये, ओल्या मऊ फडक्याने पुसणे पुरेसे असते. आणि दुरुस्तीला देताना "खडा काढून झाळा" हे तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्यावे. सोनारबाबांनी मला दिलेल्या पावतीवर कामाच्या खाली एक ओळ आहे: 'पाचू १, जुना, गिऱ्हाइकाचा, २५ मि.ग्रॅ.' खड्याला वजनासकट स्वतंत्र ओळ मिळालेली पावती मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत नथ घेऊन अकोल्यास गेले आणि आजीला सारे सांगून टाकले. तिला आता अंधुकच दिसते. तिने नथ तळहातावर घेतली, मोती मोजले आणि हिरव्या खड्यावरून अंगठ्याचे नख फिरवले. एका कोपऱ्यावर नख थांबले.

"माहीच आहे," ती म्हणाली. "हा टवका तुह्या बापाच्या बारशाले गेला. पाटावर पडली होती नथ. तुह्या आजोबाले मी सांगतलंच नाही."